पालकसभेला न पोचलेल्या आईला

बाई, नमस्कार. माझी मुलगी यंदा पहिलीत गेली. महापालिकेची शाळा आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सकाळी सव्वाआठला घर सोडते, परत यायला साडेसहा होतात. आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे रविवारी सगळे घरात आणि मी कामावर. आमचे हे पहाटे चारला दुधाच्या टेम्पोवर जातात, अकराला येऊन झोपतात. मुलीला सोडणं-आणणं सासूबाई करतात. शाळा सुरू झाल्यावर शनिवारी सकाळी पालकसभा झाली, मला जमलं नाही. गणवेशाच्या मापाचा मेसेज ग्रुपवर पन्नास गुड मॉर्निंगच्या खाली गेला आणि माझ्या मुलीचं माप राहिलं. दुसऱ्या दिवशी फाटकात एक बाई सासूबाईंना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "काही जणांना पोरांचं काय पडलेलंच नसतंय." ते घरी येऊन त्यांनी सांगितलं, मला रात्रभर झोप नाही. आता वर्गाच्या बाईंनी निरोप पाठवलाय, शाळा व्यवस्थापन समितीत नाव देता का. मी आठवी शिकलेली. घरात म्हणतात, "तुला काय कळतंय त्यातलं? कशाला जातीस?" मला लेकीच्या शाळेत लक्ष घालायचंय, पण कसं घालू? आणि खरं सांगू का, बाईंसमोर गेल्यावर काय बोलायचं तेच सुचत नाही.
— एक आई, कोल्हापूर

ताई,

आधी गणवेशाचं. माप राहिलं म्हणजे गणवेश गेला, असं होत नाही. पहिलीच्या वर्गात दर वर्षी चार-पाच मुलांची मापं मागाहून घ्यावी लागतात. कुणी तापानं घरी असतं, कुणी आजोळी गेलेलं असतं, कुणाचा प्रवेशच जुलैत होतो. सासूबाईंना सांगा, उद्या सोडायला गेल्यावर बाईंना म्हणावं, "हिचं माप राहिलंय." काम झालं. पण तुमची झोप मापानं नाही उडाली, त्या वाक्यानं उडाली, हे मला कळतंय. त्या वाक्याबद्दल मला बोलायलाच हवं, कारण तसलं वाक्य मी स्वतः बोललेली आहे.

बत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं, बहुतेक सगळी पहिली-दुसरीच्या वर्गांवर. एका वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता. हजेरीला पक्का, अक्षर गोल, पण दप्तराचा पट्टा कायम काळा. तेलकट काळा, धुतला तरी न जाणारा. त्या पट्ट्यामुळं शर्टाच्या खांद्यावर डाग पडायचे. सभेला घरून कुणी यायचं नाही. दोनदा चिठ्ठी दिली, तरी कुणी आलं नाही. एकदा भर वर्गात मी त्याला म्हटलं, "अरे, घरी कुणाला दप्तर धुवायलाही सवड नाही का?" तो खाली मान घालून उभा राहिला.

पुढं एके दिवशी केएमटीची बस उशिरा आली आणि मी घंटेच्या वेळेलाच कशीबशी पोचले. शाळेसमोर रस्त्यापलीकडं झाडाखाली तो मुलगा उभा होता आणि त्याचा बाप गुडघ्यावर बसून त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत होता. कपडे, मान, हात, सगळं फौंड्रीच्या काळ्या मातीनं माखलेलं. रात्रपाळी करून माणूस सरळ घरी गेला होता आणि पाठ टेकायच्या आधी पोराला घेऊन शाळेपर्यंत आला होता. दप्तर त्यानं पट्ट्याला धरून आणलं होतं. मी म्हटलं, "आत का येत नाही हो कधी?" तर म्हणाला, "ह्या अवतारात कसा येऊ बाई? फरशी खराब हुईल."

तो पट्टा रोज कशानं काळा व्हायचा, ते मला वर्षाच्या मध्याला कळलं. त्या मुलाची मी तेव्हा माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

फाटकात बोलल्या त्या बाईंनाही तुमची सव्वाआठची बस दिसलेली नाही. त्यांच्यावर राग धरू नका, त्यांची मुलगी कदाचित तुमच्या मुलीशेजारीच बसत असेल आणि वर्षभर तुमची गाठ पडायची आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही पत्रात एक गोष्ट गाऱ्हाणं म्हणून लिहिली आहे आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. तुमची सुट्टी गुरुवारी असते! रविवारी सुट्टी असणाऱ्या आईवडिलांना चालू शाळा कधी बघायलाच मिळत नाही. त्यांना दिसते ती सभेची शाळा, सतरंजी घातलेली, फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम लिहिलेली. तुम्हाला गुरुवारी खरी शाळा बघता येईल. दर गुरुवारी जायचं असं मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी धुणं-भांडी, दळण, सगळं साठलेलं असतं, मला माहीत आहे. महिन्यातून एक गुरुवार, तोही शाळा सुटायच्या वेळेला, दहा मिनिटं. पण पहिला गुरुवार हा जुलै संपायच्या आत काढा. पहिलीच्या बाईंसमोर जूनमध्ये एकदम तीस-पस्तीस नवी तोंडं येतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाईंच्या मनात प्रत्येक मुलाचं एक चित्र तयार होतं: हे हुशार, ते रडकं, ही गप्प. एकदा ते बसलं की वर्षभर सहसा पुसलं जात नाही. त्या चित्रात आईचे चार शब्द वेळेवर पडले तर फार फरक पडतो.

कुठले चार शब्द? "अभ्यास कसा आहे?" हे विचारू नका. त्याला सगळ्या बाई "चांगला आहे" म्हणतात, मीही म्हणायची. वर्गात बाईंना जे दिसू शकत नाही ते सांगा. तुमचंच बघा. टेम्पो पहाटे चारला निघतो, तेव्हा घरातला दिवा लागतो. लेक जागी होते का? होत असेल तर दुपारच्या तासाला तिची मान पडणार आणि बाईंना वाटणार, हिचं लक्ष नाही. हे एक वाक्य सांगितलंत तर बाई तिला त्या वेळी खिडकीशी बसवतील, फळा पुसायला उठवतील. ती डाव्या हातानं लिहिते का, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते का, घरात ज्या शब्दाला हसणं होतं तो शब्द वर्गात म्हणायला लाजते का, हे सगळं सांगण्याजोगं. एक गोष्ट मात्र नक्की विचारा, कारण लहान मुली आपण होऊन ती कधीच सांगत नाहीत: शाळेत ती लघवीला जाते का? कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण दाराला कडी नसते किंवा बादलीत पाणी नसतं. मग पोट दुखतं, मग शाळेत जायला रडतात, आणि आपण म्हणतो, शाळेची गोडी नाही.

तुम्ही विचारता म्हणजे बाईंवर मेहेरबानी मागता, असं समजू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाची जी कामं लिहिली आहेत, त्यात पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती सांगणं हे एक काम आहे. शाळेनं ठरवलेल्या शनिवारीच भेटायचं, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.

तुमच्या ह्यांचं काय? अकराला येऊन झोपतात, मान्य. चार वाजता उठतच असतील. आठवड्यातून एकदा लेकीला आणायला त्यांना पाठवा. पहिल्यांदा कुरकुर करतील, बायकांचं काम म्हणतील. मी बत्तीस वर्षांत पाहिलंय, एकदा पोरगी फाटकातून "पप्पा" म्हणून पळत येऊन पायाला मिठी मारते, त्यानंतर माणूस आपण होऊन येतो.

आणि सासूबाई. तुम्ही लिहिलंय, सोडणं-आणणं सासूबाई करतात, आणि लगेच पुढं गेलात. ताई, तुमच्या घरातलं कुणी शाळेत जात नाही असं कसं म्हणायचं? रोज दोनदा जातात की त्या. शाळा सुटायच्या आधी फाटकाबाहेर छत्र्या धरून ज्या आज्या उभ्या असतात, त्यांना शाळेची जी बातमी असते ती मुख्याध्यापकांच्या वहीतही नसते. कुठल्या नळाला पाणी नाही, खिचडी कुठल्या दिवशी तिखट झाली, दुसरीच्या बाईंची बदली होणार का, कोण घसरून पडलं, सगळं. संध्याकाळी घरी आल्यावर आधी मोबाइल उघडायच्या ऐवजी त्यांना विचारा, "आज फाटकात काय बातमी?" तुम्हाला शाळा कळेल आणि त्यांनाही बरं वाटेल. "कशाला जातीस" म्हणणाऱ्यांत त्या असतील तर त्यांचा आवाजही हळूहळू मऊ होईल.

लेकीला विचारताना "आज काय शिकवलं?" असं विचारू नका. "काय न्हाई" हेच उत्तर येतं. भाकरी थापता थापता विचारा, "आज जेवायला कुणाशेजारी बसलीस? बाईंनी आज कुणाला शाबासकी दिली? कोण रडलं?" मग बघा, भाकरी करपेपर्यंत थांबणार नाही. आणि तुमच्याकडं अक्षरं शिकवायचं साधन तर कामाचंच आहे. मसाल्याचं रिकामं पाकीट आणा, त्यावर ‘मिरची’तला ‘मि’ शोधायला लावा. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे म्हणून 2021 पासून सरकारचं निपुण अभियान चालू आहे. त्याची सुरुवात अशाच पाकिटापासून होऊ शकते. तुमच्या शाळेत माता-गट असतील, गल्लीतल्या चार-पाच आया मिळून मुलांकडून छोट्या कृती करून घेतात. त्यात आपलं नाव आहे का, तेही त्याच गुरुवारी बाईंना विचारून या.

मेसेज हरवतो, हा तुमच्या एकटीचा प्रश्न नाही. त्या ग्रुपमध्ये असे आणखी कितीतरी पालक असणार, फक्त तुम्ही ते लिहिलंत. बाईंना सांगून बघा, शाळेच्या सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि त्यावर फक्त बाईंनाच लिहिता येईल असं करा. फोनमध्ये ती सोय आहे, दोन मिनिटांचं काम. आणि त्याहून मला आवडलेली रीत म्हणजे फाटकाशेजारी एक फळा. शनिवारी शाळा सुटताना पुढच्या आठवड्यातल्या दोन-तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहायच्या: सोमवारी मापं, बुधवारी लसीकरण, शनिवारी सभा. ज्या घरात एकच फोन आणि तोही कामावर जातो, त्या घरातलं मूल तो फळा वाचून घरी सांगतं. पहिलीतल्या मुलाला नाही आलं, तरी चौथीतली ताई वाचून दाखवते.

हा फळा लावा असं शाळेला कोण सांगणार? इथंच तुमच्या समितीची गोष्ट येते, आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांना नारळ देणारी समिती नव्हे. शिक्षण हक्क कायद्यानं सांगितलंय, समितीत 75 टक्के आई-वडील किंवा पालकच हवेत. निम्म्या बायका हव्यात. दुर्बल घटकांतल्या मुलांचे पालक त्यांच्या संख्येच्या प्रमाणात हवेत. आपल्याकडं अध्यक्ष पालकांमधला असतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचं काम नीट चाललंय का बघायचं, शाळा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं, हे समितीचं काम. शिक्षण किती झालं पाहिजे, ते कायद्यात कुठंही नाही. आठवी शिकलेल्या आईची जागा तिथं आहे.

घरात म्हणतात, तुला काय कळतंय. मग मी एक विचारते. दिवसभर तुम्ही काय करता? पाकिटं भरता, वजनं करता. 200 ग्रॅमच्या जागी 190 भरलं तर तुमच्या हाताला काटा बघायच्या आधी कळतं, की नाही? शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. पटावर मुलं किती, त्या दिवशी हजर किती, तांदूळ किती काढला, डाळ किती पडली, हे त्या समितीत बसलेल्या कुणाला तुमच्याइतकं लवकर कळेल? पदवीधर पालक आराखड्याची भाषा नीट करतील, करू देत. पातेल्यात वाकून बघणारं माणूसही समितीत लागतं. मुलांना वाढायच्या आधी जेवण चाखून बघायचं असतं, तेही एखाद्या गुरुवारी तुम्हीच करा.

आपण कोल्हापूरकर आहोत म्हणून आणखी एक सांगते. 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो पालक मुलाला शाळेत घालणार नाही त्याला महिना एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! दर 26 जूनला शाळेत महाराजांची जयंती होते, मुलं भाषणात हा दंड आवर्जून सांगतात. मला त्यातलं हे दिसतं, की महाराजांनी पालकाला शाळेशी बांधलं. पालकानं आपलं कर्तव्य केलं की नाही, याचा जाब तेव्हा सरकार विचारायचं. 2010 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्या हातात उलटं टोक दिलंय. आता शाळेनं आपलं कर्तव्य केलं की नाही, हे तुम्ही विचारायचं. ती खुर्ची रिकामी सोडली तर तिथं ज्याला शाळेशी काही देणंघेणं नाही असा एखादा पेठेतला हौशी येऊन बसतो. मी तसंही पाहिलंय, आणि त्यात शाळेचं वर्षाचं नुकसान झालेलं पाहिलंय.

तेव्हा नाव द्या. देताना एकच अट घाला, "बैठक गुरुवारी ठेवाल, किंवा संध्याकाळी सातनंतर?" प्रत्येक वेळी जमणार नाही शाळेला, पण विचारल्याशिवाय तर कधीच जमणार नाही. आणि बैठकीत गेल्यावर वाचून दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका. घाई करत असतील तर म्हणा, "घरी नेऊन वाचते." शाळेला रंग द्यायला, पंखा आणायला वर्गणी काढायची वेळ आली तर तुमची ऐपत नसल्याचा संकोच धरू नका. कायदा तुमच्याकडं वेळ आणि लक्ष मागतो, पैसे मागत नाही.

दोन लहान गोष्टी राहिल्या. आषाढीच्या दिंडीला, पंधरा ऑगस्टला, मेसेज येतील: नऊवारी आणा, फेटा आणा. ज्यांना जमतं ते आणतात. तुम्ही त्यासाठी रात्री महाद्वार रोडला धावू नका. डोक्यावर स्टीलच्या डब्यात लावलेली तुळस घेतलेली मुलगी दिंडीत सुंदरच दिसते, आणि बाईंनाही ती पुरते.

दुसरी पावसाची. ही कोल्हापुरातल्या आईनं जुलैतच करून ठेवायची गोष्ट आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की गावाचं सगळं वेळापत्रक बदलतं, 43 ला धोका. शाळा दुपारीच सोडायचा निरोप येतो आणि तुम्ही गोकुळ शिरगावला मशीनवर, फोन लॉकरमध्ये. 2019 ला आणि 2021 ला तर शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. म्हणून बाईंच्या वहीत आजच तीन नंबर लिहून द्या: तुमचा, ह्यांचा आणि गल्लीतल्या अशा एका घराचा, जिथं दिवसा कुणीतरी असतंच. लेकीला कोण न्यायला येऊ शकतं त्यांची नावंही द्या, आणि सासूबाईंना यायला जमलं नाही तर लेकीनं शाळेतच थांबायचं, हे तिला दोन-तीनदा सांगून ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, बाईंसमोर गेल्यावर काय बोलायचं? जास्त तयारी करू नका. सासूबाईंना बरोबर घ्या, त्यांना रस्ता आणि बाई दोन्ही ओळखीचे आहेत. सुटायच्या घंटेआधी दहा मिनिटं पोचा, मुलं दप्तरं भरत असतात तेव्हा बाईंचा हात जरा मोकळा असतो. दारात उभं राहून म्हणा, "बाई, मी हिची आई. मला गुरुवारी सुट्टी असते." पुढचं बाईच विचारतील.